गॅरंटर म्हणजे काय?

गेल्या महिन्यातली गोष्ट. नववीचा मराठीचा तास संपला, मुली डबे काढायला लागल्या आणि एक मुलगी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिच्या ओढणीखाली घडी घातलेले दोन कागद होते.

"आपा, निगेटिव्ह म्हणजे वाईटच ना?"

कागद तिच्या अम्मीच्या तपासणीचे होते. एकावर 'निगेटिव्ह' होतं. दुसरा सोनोग्राफीचा, त्यात तीन-चार ठिकाणी 'अनरिमार्केबल' लिहिलेलं. मोठ्या भावाने घरी अर्थ लावला होता तो असा: रिमार्क म्हणजे शेरा, रिमार्केबल म्हणजे चांगला शेरा, आणि पुढे 'अन' लागला म्हणजे वाईट. डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. शुक्रवारपासून त्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. अम्मी मुसल्ल्यावरून उठत नव्हती.

मी तिला सांगितलं की, या तपासणीत निगेटिव्ह म्हणजे जो आजार शोधत होते तो सापडला नाही. आणि अनरिमार्केबल म्हणजे नोंद घ्यावी असं काही दिसलं नाही, तो अवयव नेहमीसारखा आहे. दोन्ही शब्द दिलासा देणारेच आहेत. तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण दुखणं का होतंय ते कागद नाही, डॉक्टरच सांगतील. पोरगी तिथेच रडायला लागली. मी माझा फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आधी घरी सांग.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी माझा विषय नाही. बी.एड.लासुद्धा मी भाषेच्या पद्धती घेतल्या त्या याच दोन. तरीही माझ्या कपाटात दोनशे पानी एक वही आहे आणि तिच्यात फक्त इंग्रजी शब्द आहेत. मुली तिला 'आपांची डिक्शनरी' म्हणतात. ती वही का आहे, हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. त्या मुलीच्या निमित्ताने लिहिते.

१९९५ साली मी दहावीत होते. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. एक साधं मशीन, एक पिको-फॉलचं. शेजारचे एक चाचा यंत्रमागावर काम करायचे. दुसऱ्याच्या मागावर किती दिवस राबायचं म्हणून त्यांनी स्वतःचे दोन जुने माग घ्यायचं ठरवलं आणि कर्ज काढलं. एके संध्याकाळी ते इंग्रजीत छापलेला फॉर्म घेऊन अब्बांकडे आले. म्हणाले, "भाई, बस एक दस्तखत."

अब्बा उर्दू सहज वाचायचे, मराठी अडखळत का होईना वाचायचे. इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला हाक मारली. "बेटा, देख तो, क्या लिखा है इसमें?"

मी वर्गात इंग्रजीत पहिली यायचे. पहिली यायचे म्हणजे पाठाखालची प्रश्नोत्तरं मला तोंडपाठ असायची. सहीच्या रेषेखाली छापलं होतं 'गॅरंटर'. हा शब्द मी पूर्वी पाहिलेला नव्हता. पण गॅरंटी ठाऊक होती. घड्याळाची असते, मिक्सरची असते. गॅरंटी म्हणजे वस्तू चांगली आहे, असं दुकानदार सांगतो. मी दोन मिनिटं कागदाकडे गंभीर चेहऱ्याने पाहिलं आणि म्हटलं, "अब्बा, तुम्ही एवढंच लिहून देताय की चाचा भले आदमी आहेत."

"वो तो हैच," अब्बा म्हणाले आणि त्यांनी उर्दूत सही केली.

चाचा खरंच भले होते. पण दीड-दोन वर्षांत धंदा बसला, माग भंगाराच्या भावात गेले, हप्ते थकले आणि ते कुटुंब घेऊन दुसऱ्या गावी गेले. मग नोटीस आली ती अब्बांच्या नावावर. ओळखीच्या एका वकिलांनी ती वाचून सांगितलं, "तुम्ही जामीन राहिलात. पैसे तुम्हाला भरावे लागतील."

अब्बा कितीतरी वेळ गप्प होते. मग फक्त म्हणाले, "ज़ामिन? ये लफ़्ज़ तो मुझे मालूम था."

पिको-फॉलचं मशीन विकलं. अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या. बाकीचे पैसे अब्बांनी तीन वर्षं रात्रीची कामं घेऊन फेडले. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. आपण अर्थ वाचला नव्हता, अंदाजाने ठोकून दिला होता, हे फक्त मलाच माहीत होतं.

त्या शब्दाची खरी व्याख्या मला पुढे बी.एड. करताना सापडली, तीही अभ्यासक्रमाबाहेर. ग्रंथालयात एकदा कायद्याचं पुस्तक हाती लागलं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १२६ मध्ये हमीचा करार म्हणजे काय ते दिलंय: कर्जदाराने पैसे बुडवले तर त्याच्याऐवजी ते मी देईन, असं वचन. कर्ज देणारा, कर्ज घेणारा आणि हमी देणारा असे तिघे त्यात असतात. हमी देणाऱ्याला तिथे 'शुअरिटी' म्हटलंय. बँकेच्या फॉर्मवर तोच 'गॅरंटर' होतो. कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, नावापुरती नाही. 'आधी त्याला गाठा, मग माझ्याकडे या' असंही जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. मी सांगितलेल्या 'भला आदमी' या अर्थाला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'रेफरन्स'. आणि आपल्यासमोर सही झाली एवढंच सांगणारा तो 'विटनेस'. एकाच कागदावर हे तिघेही असू शकतात. तिघांच्या सहीच्या रेषा सारख्याच लांबीच्या असतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ज़ामिन हा शब्द मूळचा अरबी. फारसीतून तो उर्दूत आला आणि मराठीतही. आपल्या कोर्टकचेरीची भाषा पाहा: अर्ज, दावा, वकील, तारीख, दस्तऐवज, जप्ती, जामीन. हे शब्द मराठी माणूस शेकडो वर्षं वापरतोय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे दाखवायला खुणा आहेत. आणि इंग्रजीतून उर्दूत यायचं तर मौलवी अब्दुल हक यांचा मोठा कोश १९३७ साली छापला गेला तो कुठे दिल्ली-लखनऊला नाही, आपल्या औरंगाबादेत. म्हणजे अब्बांना तो शब्द दोन भाषांत माहीत होता. दोन्ही बाजूंनी कोश तयार होते. मधे फक्त मी होते आणि मी अंदाज बांधला.

वही तेव्हा सुरू झाली. पहिल्या पानावर एकच शब्द आहे, गॅरंटर.

वहीचे नियम साधे आहेत. तीन रकाने: शब्द, तो कुठे भेटला, आणि त्या ठिकाणी त्याचा अर्थ काय. दुसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकच शब्द दवाखान्यात एक बोलतो, बँकेत दुसरं. निगेटिव्ह स्वभावाला लागला तर वाईट, तपासणीला लागला तर बहुतेक वेळा चांगला, रक्तगटाला लागला तर ना चांगला ना वाईट. अर्थ नक्की कळेपर्यंत तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्ह राहतं. अंदाज लिहायचा नाही. काही प्रश्नचिन्हं दोन-दोन वर्षं तशीच होती.

दवाखान्याचं पान सगळ्यात जास्त उघडलं जातं. 'बिनाइन' म्हणजे गाठ आहे, पण कॅन्सरची नाही. 'मॅलिग्नंट' म्हणजे कॅन्सरची. बिनाइनचा मूळ लॅटिन अर्थ दयाळू, मायाळू असा आहे, आणि ज्या घरात तो रिपोर्ट येतो त्या घराला तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'क्रॉनिक' म्हटलं की आपल्याकडे लोक घाबरतात. त्यांना वाटतं भयंकर, शेवटचं. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चालणारं. 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं. त्यातलं कुठलं किती गंभीर, हे या दोन शब्दांत नसतंच. माझी सांधेदुखी क्रॉनिक आहे आणि मी रोज दोन जिने चढते.

कचेरीच्या पानावर 'बोनाफाईड' आहे. आपल्याकडे बोनाफाईड म्हणजे शाळेतून मिळणारा एक कागद. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'नेक नीयतीने', खरंखुरं. मुलींना हे सांगितलं की त्या हसतात, कारण तो कागद मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे त्यांना ठाऊक असतं. त्याच्याच खाली 'नॉमिनी'. हा शब्द मी लाल शाईने लिहिलाय. आमच्या मोहल्ल्यात सगळे समजतात की बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे त्या पैशांचा मालक. तसं नाही. खातेदार गेल्यावर बँक पैसे ज्याच्या हातात देते तो नॉमिनी. पण त्या पैशांवर हक्क वारसांचा राहतो. आपल्या मिरासमध्ये बेटीचा, बेवेचा, आईचा हिस्सा ठरलेला आहे. भाऊ 'मी नॉमिनी आहे' म्हणून सगळं घेऊन बसतो आणि बहिणी गप्प राहतात, कारण इंग्रजी शब्दापुढे बोलायचं कसं? अशा दोन बहिणींना मी ओळखते. त्यांना त्यांचा हक्क शरियतने दिला होता आणि देशाच्या कायद्यानेही. एका शब्दाच्या चुकीच्या अर्थाने तो अडवून धरला होता.

आता ज्या जोडीवर मला मुलींना अख्खा तास द्यावा लागतो, ती सांगते. 'डाउअर' आणि 'डाउरी'.

आमची एक माजी विद्यार्थिनी नवऱ्याकडे परदेशात जाणार होती. निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. तिने ते करून घेतलं आणि जाताजाता मला दाखवायला आणलं. मेहेरच्या रकान्यात भाषांतर करणाऱ्याने टाइप केलं होतं 'डाउरी', पुढे अकरा हजार. मी म्हटलं, अगं, हा कागद म्हणतोय की तुझ्या लग्नात अकरा हजार हुंडा दिला-घेतला गेला. तुझ्या निकाहनाम्यात तर मेहेर आहे. मेहेरला कायद्याच्या इंग्रजीत डाउअर म्हणतात.

दोन्ही शब्द एकाच मुळातून निघालेत, म्हणून ऐकायला भाऊभाऊ वाटतात. पण पैसा उलट्या दिशेने जातो. मेहेर नवऱ्याने बायकोला द्यायचा, तो तिचा आणि तिच्या एकटीचा. हुंडा मुलीच्या घरातून बाहेर जातो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हा फरक व्याख्येतच धरलाय. मुस्लिम व्यक्तिगत कायदा ज्यांना लागू आहे त्यांचा मेहेर हुंड्यात मोडत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तिने भाषांतर दुरुस्त करून घेतलं.

पण ती गेल्यावर मला वाटलं, त्या भाषांतरकाराला काय दोष द्यायचा? आपल्या घरांत तरी हे दोन शब्द कुठे वेगळे राहिलेत? मेहेरची रक्कम ठरवताना आपण काटकसर करतो, 'रस्म आहे' म्हणतो आणि ती द्यायची वेळ आली की बायकोकडून माफ करून घेतो. फ्रीज, कपाट, मोटरसायकल याला मात्र 'खुशीने दिलं' असं म्हणतो. एका शब्दाची जागा दुसऱ्याने कधी घेतली, ते आपल्याला कळलं नाही. हे मी मुलींना सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. बहुतेकींच्या मोठ्या बहिणींची लग्नं अलीकडेच झालेली असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक यादी फिरत येते: इंग्रजीतले अरबी शब्द. अल्जेब्रा आपला, अल्कोहोल आपला, अ‍ॅडमिरल आपला. यादी बरीचशी खरी असते. अल्-जब्र म्हणजे तुटलेलं जोडणं. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मींनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातून अल्जेब्रा आला आणि त्यांच्या स्वतःच्या नावातून अल्गोरिदम. अल्कोहोलच्या मुळाशी अल्-कुह्ल, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, हे ऐकून मुली तोंडावर हात ठेवून हसतात. मी ही यादी वर्गात वापरते, पण तिच्यात आपले दुसरे शब्दही घालते. साखर घ्या. संस्कृतात शर्करा, फारसीत शकर, अरबीत सुक्कर, आणि युरोपात हिंडत इंग्रजीत शुगर. नारंगी अशीच निघाली आणि ऑरेंज होऊन पोचली. आणि मुंगूस! इंग्रजीतला मंगूस मराठी मुंगसावरून गेलाय. अनेकवचन करताना इंग्रजांचीही पंचाईत होते; गूसचं गीस होतं म्हणून मंगूसचं मंगीस करायचा मोह होतो, पण व्याकरणात ते मंगूसेसच. हे कळलं की मुलींची भीड चेपते. आपल्या अंगणातला प्राणी इंग्रजीत जाऊन बसलाय म्हटल्यावर ती भाषा थोडी घरची वाटते.

मात्र या यादीवर छाती फुगवून थांबणाऱ्यांना मला एक सांगायचंय. अल्जेब्रा हा शब्द आपला आहे, या अभिमानाने अब्बांचं मशीन वाचलं नसतं. शब्द कुठून आला हे कळण्यात आनंद आहे. तो समोरच्या कागदावर काय करतोय हे कळणं ही गरज आहे. आपण पहिल्याची भाषणं करतो आणि दुसऱ्यासाठी एजंटला पन्नास रुपये देतो.

उलट टोकही पाहिलंय. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी उठून म्हटलं, "आय हॅव अ डाउट." समोरच्या तज्ज्ञांनी सगळ्यांसमोर मला सुधारलं: डाउट म्हणजे अविश्वास, तुम्हाला क्वेश्चन म्हणायचंय. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आपण शंका हा शब्द दोन्हींसाठी वापरतो, म्हणून डाउटही तसाच वापरतो. 'पास आऊट'चंही तसंच: आपल्याकडे त्याने पदवी मिळते, इंग्रजांकडे शुद्ध हरपते. 'प्रीपोन' आपण रुळवला आणि आता तो ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. हे फरक शिकवावेतच, पण हसून घेण्यासाठी नव्हे. त्या दिवशी मी जो प्रश्न विचारणार होते, तो खाली बसल्यावर विसरूनच गेले. वर्गात असं एका मुलीचं झालं, तर ती वर्षभर हात वर करत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, उर्दू शाळांतही. आमच्या मुली दहा वर्षं इंग्रजी शिकतात. तरी घरी आलेला इंग्रजी कागद पाहून त्यांची अवस्था माझ्या १९९५ च्या अवस्थेपेक्षा फार वेगळी नसते. घरातली शिकलेली मुलगी म्हणून कागद तिच्या हातात दिला जातो, सगळे तिच्या तोंडाकडे पाहतात, आणि तेवढ्या लोकांसमोर 'मला येत नाही' म्हणणं तिला जड जातं. ते किती जड असतं, मला माहीत आहे.

अब्बांना मी खरं सांगितलं ते माझ्या बी.एड.च्या निकालाच्या दिवशी. पेढे वाटून झाले होते. मी म्हटलं, "अब्बा, त्या दिवशी मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मी अंदाजाने सांगितला."

ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "मालूम है. तेरा चेहरा देखके बाद में समझ गया था." मग थोडं थांबून म्हणाले, "गलत बताई उसका गम नहीं बेटा. 'मालूम नहीं' बोलती, तो मैं किसी और से पूछ लेता."

अब्बा गेले त्याला आता दहा वर्षं झाली. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. वर्गात नवी वही सुरू करताना मी मुलींना पहिल्या दिवशी एकही इंग्रजी शब्द देत नाही. प्रत्येकीने उभं राहून मोठ्याने एक वाक्य म्हणायचं, उर्दूत किंवा मराठीत, जे सोपं जाईल त्यात: मला माहीत नाही, विचारून सांगते. पहिल्यांदा सगळ्या हसतात. दोन-तीनदा म्हटल्यावर सवय होते.

ती नववीची मुलगी सोमवारी डॉक्टरांकडे अम्मीबरोबर गेली होती. पित्ताचा त्रास आहे, गोळ्या दिल्यात. मंगळवारी तिने आपली स्वतःची वही आणून मला दाखवली. पहिला शब्द 'अनरिमार्केबल', दुसऱ्या रकान्यात 'अम्मीचा सोनोग्राफी रिपोर्ट', तिसऱ्यात अर्थ. खाली दुसरा शब्द होता, औषधाच्या पाकिटावरून उतरवलेला. त्याच्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मला तो शब्द येत नव्हता. मी तसं तिला सांगितलं. मग आम्ही दोघी मिळून शाळेसमोरच्या औषधाच्या दुकानात विचारायला गेलो.